हृदयाभोवतीचे पाणी

श्रोतेहो, आपल्याकडे विहीर खणायची ठरली की आधी पाणाड्याला बोलावतात. तो हातात नारळ किंवा बेचकीची काडी घेऊन शिवारभर फिरतो, एके ठिकाणी थबकतो आणि सांगतो, "इथं खणा." पाणी लागले तर पाणाड्याचे नाव होते, नाही लागले तर आपण नशिबाला बोल लावतो. पैसा जातो, वर्ष फुकट जाते. पण जमीन जागच्या जागी राहते आणि पुढच्या साली दुसरीकडे खणता येते.

आज मी ज्या पाण्याविषयी बोलणार आहे ते माणसाच्या छातीत, हृदयाभोवती साठते. ते बाहेर काढायचे तर छातीत सुई घालावी लागते. सुई कुठे घालायची आणि किती खोल, हा प्रश्न. अंदाज चुकला तर पुढची साल नाही! त्या सुईला दृष्टी देण्यासाठी युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी जवळजवळ दीडशे वर्षे खटपट केली. त्या खटपटीची ही हकीकत आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा मास्तर, याला या विषयात कशाला पडायचं? त्याचे कारण घरचेच आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांना धाप लागू लागली. पासष्टीचा माणूस, पण उसाला पाणी द्यायला रात्री-अपरात्री एकटा जाणारा. तो चार पावलांत बसू लागला. आडवे झाले की जीव गुदमरे. म्हणून भिंतीला टेकून बसूनच रात्र काढायची. पाय सुजले. दमा आहे असे समजून महिनाभर औषध चालले. शेवटी एके सकाळी उठताना त्यांना अंधारी आली, तेव्हा आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गावी नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीवर गार मलम लावून मुठीत मावेल असे एक यंत्र फिरवले आणि पडदा आमच्याकडे वळवला. मध्ये हृदय धडधडत होते आणि त्याच्या भोवती काळाकुट्ट पट्टा. "काका, हे काळं दिसतंय ना, ते पाणी. आजच काढायला हवं," त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी सव्वा लिटर पाणी निघाले. चुलते त्या रात्री कितीतरी दिवसांनी पाठ टेकून झोपले.

मी बाहेर बाकावर बसून विचार करीत होतो. हृदयापासून बोटभर अंतरावर सुई नेताना त्या बाईंचा हात कापला नाही. हा निर्धास्तपणा त्या हाताला कोणी दिला? इतिहास शिकवणाऱ्याला असे प्रश्न पडतात. त्यातून पुस्तके चाळणे आले.

आधी ही पिशवी काय आहे ते पाहू. आपले हृदय छातीत उघडे लोंबत नसते. त्याच्याभोवती दुपदरी आवरण असते. त्याला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांच्या मध्ये थोडासा ओलावा असतो, पंधरा ते पन्नास मिलिलिटर, म्हणजे फार तर अर्धा कप. चाकाच्या आसाला वंगण घालतात ना, तसे ते वंगण. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, जंतूंचा संसर्ग किंवा छातीवरचा घाव अशा कारणांनी या पिशवीत पाणी, पू किंवा रक्त साठू लागते.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. पाणी हळूहळू, आठवड्या-आठवड्यांनी साठले तर लिटर-दीड लिटरसुद्धा माणूस काही काळ सोसतो. पण एकाएकी साठले तर दीडशे-दोनशे मिलिलिटर, म्हणजे एका कपाएवढे रक्तही प्राण घेते. असे का? मोटेचे कातडे आठवा. नवी कोरी मोट ताणली जात नाही. वापरून वापरून सैल पडते. हृदयावरणाचेही तसेच आहे. त्याला वेळ मिळाला तर ते ताणते, न मिळाला तर ते आपला ताठरपणा सोडत नाही. मग आतली जागा हृदयाला गमवावी लागते. हृदय दाबले जाते ते रक्त बाहेर फेकताना नव्हे, तर आत भरून घेताना. भरलेच नाही तर फेकणार काय? मानेच्या शिरा फुगतात, नाडी बारीक होते, माणूस घामाघूम होतो आणि वेळेवर पिशवी मोकळी केली नाही तर जातो. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढची सारी धडपड समजेल.

हे आवरण जुन्यांना ठाऊक होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा प्रसिद्ध वैद्य होता. कुस्तीच्या आखाड्यात मार लागलेल्या एका गुलाम मुलाचे छातीचे हाड सडले होते. गेलनने ते सडके हाड काढले तेव्हा आतले हृदय उघडे दिसू लागले. आणि तो मुलगा वाचला! पण असा प्रसंग हजारात एखादा. रक्त शरीरात फिरते कसे हेच मुळी १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वेने दाखवून दिले. त्यानंतर १६६९ मध्ये रिचर्ड लोअर या इंग्रज वैद्याने हृदयावरील आपल्या ग्रंथात स्पष्ट सांगितले की, पिशवीत पाणी फार झाले म्हणजे हृदय चेपले जाते आणि त्याला नीट भरता येत नाही. रोग असा कागदावर कळला. उपाय मात्र हातात नव्हता.

पहिले प्रयत्न चाकूचे होते. १८०१ साली स्पेनमधल्या फ्रान्सिस्को रोमेरो या शस्त्रवैद्याने बरगड्यांमधून छेद घेऊन हृदयावरण उघडले. पुढे १८१५ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे त्याने आपली हकीकत मांडली, तेव्हा तिचे स्वागत झाले नाही. नेपोलियनच्या सैन्यातला नामांकित शस्त्रवैद्य दोमिनिक लारे यानेही १८१० मध्ये छातीत सुरा खुपसून घेतलेल्या एका सैनिकाच्या हृदयावरणातले रक्त काढले. सैनिकाला आराम पडला. पण पुढे जखम चिघळून काही दिवसांनी तो गेला. त्या काळी भूल देण्याची विद्या नव्हती आणि जंतू म्हणजे काय हेही कुणाला ठाऊक नव्हते, हे ध्यानात घ्या.

चाकूऐवजी टोकदार नळी घालून पाणी काढण्याचे श्रेय व्हिएन्नाच्या फ्रान्झ शुह याला देतात. साल १८४०. आता पाहा, शुहला आतले काहीच दिसत नव्हते. मग त्याने धाडस केले कशाच्या बळावर? कानांच्या! त्याचा सहकारी योसेफ स्कोडा हा छाती ठोकून आणि ऐकून रोग ओळखण्यात त्या काळचा पहिल्या प्रतीचा तज्ज्ञ होता.

ही ठोकण्याची विद्या कुठून आली हेही ऐकण्यासारखे आहे. लिओपोल्ड औएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या एका खानावळवाल्याचा मुलगा. दारूच्या पिंपात माल किती उरला हे पिंप ठोकून ओळखतात, हे तो लहानपणापासून जाणून होता. आपल्या बायाबापड्या बाजारात माठ घेताना टिचकी मारून पाहतात, त्यातलीच ही गोष्ट. हीच युक्ती त्याने माणसाच्या छातीला लावली आणि १७६१ मध्ये त्यावर छोटे पुस्तक लिहिले. विद्वानांनी त्याकडे पाहिलेही नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिझार याने त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे ती विद्या मार्गी लागली. १८१६ मध्ये लाएनेक याने कागदाची सुरनळी करून छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. सांगायचा मुद्दा असा, की शुहच्या नळीला वाट दाखवणारा पहिला वाटाड्या कान हा होता.

पण कान किती सांगणार? ठोकून पाणी आहे हे कळेल. सुईच्या टोकापासून हृदय किती दूर, हे कसे कळणार? सुई फुप्फुसात जाई, यकृतात जाई, कधी हृदयाच्या भिंतीतूनच आरपार जाई. थिओडोर बिलरॉथसारख्या महान शस्त्रवैद्यानेसुद्धा हृदयावरणात सुई घालणे हा शस्त्रविद्येला कमीपणा आणणारा प्रकार आहे, अशा अर्थाचे कडक उद्गार काढले होते. त्याला भित्रा म्हणण्याचे कारण नाही. दिसत नाही तिथे हात घालू नये, हा त्याच्या काळापुरता शहाणपणाचाच सल्ला होता. पण ज्याचे हृदय चेपले जात आहे त्याला वाट पाहायला वेळ नव्हता, हेही तितकेच खरे. या दोन खऱ्या गोष्टींच्या कात्रीत डॉक्टर सापडले होते.

मग निदान सुरक्षित वाट तरी शोधावी म्हणून प्रयत्न झाले. १९११ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान मार्फां याने छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाखालून, पोटाच्या बाजूने तिरकी वर सुई नेण्याची रीत सांगितली. या वाटेने फुप्फुस टळते. पुढे बहुतेक जगाने ती पत्करली.

त्याआधी १८९५ मध्ये जर्मनीत रंटगेनला क्ष-किरण सापडले होते. छातीच्या चित्रात पाणी साठलेल्या हृदयाची सावली बुडाला पसरट, पखालीसारखी फुगलेली दिसे. पण सावली ती सावली! हृदय कुठे संपले आणि पाणी कुठे सुरू झाले हे तीत दिसत नाही. दोन्ही एकाच रंगाची. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली. हृदयाचा विद्युत्-आलेख काढतात, त्या यंत्राची तार सुईलाच जोडायची. सुई हृदयाला लागली की आलेखाची रेघ उसळी मारते. मग सुई मागे घ्यायची. युक्ती चांगली होती. पण चोर घरात शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी. इशारा मिळे तो सुई टेकल्यानंतर, आणि कधी कधी तोही मिळत नसे.

खरी दृष्टी आली ती भलत्याच वाटेने. त्यासाठी आपल्याला वटवाघळापाशी जावे लागेल. १७९० नंतरच्या काही वर्षांत इटलीच्या स्पालान्झानीला दिसले की आंधळे केलेले वटवाघूळ अंधारात न आपटता उडते; कान बंद केले मात्र आपटते. ते कानांनी पाहते, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना पटली नाही. १८८० मध्ये पॅरिसमध्ये पियेर आणि झाक क्यूरी या भावांना आढळले की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उत्पन्न होते. पुढे उलटही कळले. वीज दिली की स्फटिक कंप पावतो आणि आपल्या कानाला ऐकू न येणारा, श्रवणातीत ध्वनी त्यातून निघतो. पहिल्या महायुद्धात लांजव्हां या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो वापरून पाण्यातल्या पाणबुड्या शोधण्याचे यंत्र केले. तत्त्व अगदी सोपे आहे. घाटात हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते. परत यायला किती वेळ लागला यावरून कडा किती दूर हे सांगता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कारखानदार हीच हाक लोखंडाला मारू लागले. पत्र्याच्या पोटात चीर असेल तर तिथूनच हाक परत येई आणि दोष सापडे.

आता स्वीडनमधल्या लुंड या विद्यापीठाच्या गावी या. तिथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते. हृदयाची झडप शस्त्रक्रियेजोगी आहे की नाही हे छाती न उघडता कसे ओळखावे, या विवंचनेत ते होते. त्यांची गाठ हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थशास्त्रज्ञाशी पडली. हर्ट्झचे वडील गुस्टाव हर्ट्झ यांना १९२५ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळालेले. हर्ट्झ जवळच्या माल्मो शहरातल्या जहाजाच्या कारखान्यात गेले. लोखंडातल्या चिरा शोधण्याचे यंत्र तिथे होते. ते त्यांनी आपल्याच छातीला लावून पाहिले, आणि आतून परत येणारी हाक पडद्यावर हलताना दिसली! हलणारे दुसरे काय असणार? हृदयच. मग असेच यंत्र उसने मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाच्या प्रतिध्वनीची पहिली नोंद केली. जहाजाच्या पत्र्यासाठी केलेले यंत्र माणसाच्या काळजापर्यंत आले ते असे. हृदयाभोवती पाणी असेल तर तेही या हाकेने कळते, असे एडलर यांनी थोड्याच वर्षांत नमूद केले.

अटलांटिक महासागरापलीकडे अमेरिकेत इंडियाना राज्यात हार्वे फायगेनबाउम या डॉक्टरांनी हे काम पुढे नेले. १९६३ च्या सुमारास अशा यंत्राच्या जाहिरातीने त्यांचे लक्ष वेधले. हृदयाच्या भिंतीवरून एक हाक परत येते आणि आवरणावरून दुसरी. दोहोंच्या मध्ये पाणी असेल तर तिथे कसलीच हाक नाही, नुसती मोकळी जागा. मोकळी जागा म्हणजेच पाणी! १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि डॉक्टरांचा या यंत्रावर विश्वास बसू लागला. त्या बाईंनी माझ्या चुलत्यांच्या छातीत दाखवलेला काळा पट्टा म्हणजे हीच मोकळी जागा.

पाणी आहे हे कळले. आता सुईला वाट दाखवायची राहिली. १९७३ मध्ये गोल्डबर्ग आणि पोलॅक या अमेरिकन डॉक्टरांनी श्रवणातीत ध्वनीच्या मदतीने सुई घालण्याची रीत प्रसिद्ध केली. तोवर पडद्यावर नुसत्या रेघा उमटत. पुढे हृदयाचे हलते चित्रच दिसू लागले आणि १९७९ पासून मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकने ही रीत नित्याची केली.

या रीतीतले मर्म शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात सांगण्यासारखे आहे. पूर्वीचा प्रश्न असा होता : ठरलेल्या जागेतून सुई सुरक्षित कशी न्यावी? मेयोच्या डॉक्टरांनी प्रश्नच बदलला. ते म्हणाले, जागा आधी ठरवूच नका. यंत्र छातीवर सगळीकडे फिरवा. पाणी जिथे सर्वांत जास्त आणि कातडीच्या सर्वांत जवळ, आणि मध्ये कोणताही अवयव नाही, तीच आजच्या या रोग्याची जागा. कुणाची ती बरगड्यांच्या मध्ये डाव्या बाजूला निघेल, कुणाची छातीच्या हाडाखाली. शिवाय यात एक आपोआप मिळणारे संरक्षण आहे. हा ध्वनी हवेतून पुढे जाऊ शकत नाही आणि फुप्फुस तर हवेने भरलेले. तेव्हा पडद्यावर पाणी स्वच्छ दिसत असेल तर त्या वाटेत फुप्फुस आडवे नाही, हे निश्चित.

जागा ठरली की डॉक्टर खूण करतात, यंत्र कोणत्या रोखाने धरले होते ते ध्यानात ठेवतात, कातडी बधिर करतात आणि त्याच रोखाने सुई नेतात. पाणी येऊ लागले तरी खात्री झाल्याशिवाय पुढे जात नाहीत. हवेचे बारीक बुडबुडे खळखळून मिसळलेले मिठाचे पाणी सुईतून थोडेसे सोडतात. बुडबुडे पडद्यावर चमकतात. ते हृदयाबाहेरच्या पिशवीत दिसले की सुई बरोबर जागी आहे. नंतर सुईतून बारीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून मऊ नळी आत सारायची. तारेची ही युक्ती स्वीडनच्याच सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी काढली होती. टोकदार सुई आता बाहेर. आत राहते ती मऊ नळी, आणि तिच्यातून पाणी निथळत राहते.

फळ काय मिळाले? मेयो क्लिनिकने १९७९ ते २००० या काळातल्या अशा १,१२७ वेळांचा हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शंभरातल्या ९७ वेळा काम फत्ते झाले आणि गंभीर इजा शंभरी १.२ एवढीच झाली. बिलरॉथ हयात असता तर त्यानेही आपला शब्द मागे घेतला असता, असे मला वाटते.

तरी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, प्रत्येक वेळी सुईच बरी असे नाही. महारोहिणी फाटून पिशवीत रक्त आले असेल किंवा हृदयालाच घाव बसला असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते. दुसरी गोष्ट, पाणी काढले म्हणजे रोग गेला असे नव्हे. विहीर उपसली तरी झरा चालूच असतो. आपल्या देशात या पाण्याचे एक मोठे कारण क्षयरोग हे आहे. माझ्या चुलत्यांच्या बाबतीतही तेच निघाले. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात; ती महिनोन्महिने, डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडणे म्हणजे अर्ध्यावर बांध घालून पाण्याला वाट ठेवणे.

आणखी एक गोष्ट. हे जे यंत्र, त्याच्याच भावंडाने आपल्या राज्यात पोटातल्या मुली ओळखून खुडण्याचे पाप केले. त्याला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि नंतर १९९४ मध्ये तो देशासाठी झाला. वटवाघळाची विद्या तीच; कोणाला हुडकण्यासाठी हाक मारायची, हे माणसाने ठरवायचे असते.

आज जिल्ह्याच्या गावी हे यंत्र बहुधा असते. अडचण असते ती आपण तिथवर पोचण्याची. आडवे झाल्यावर गुदमरणे, पायांवर सूज, मानेच्या शिरा फुगणे, उभे राहताच अंधारी येणे, ही लक्षणे दुसऱ्याही अनेक रोगांत असतात. ओळखणे आपले काम नाही. आपले काम एवढेच, की वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे आणि तपासणी करून घ्यावी. आम्ही महिना घालवला. चुलते वाचले, पण तो महिना मला अजून बोचतो.

दीडशे वर्षांचा हा हिशेब मांडला की एक गोष्ट दिसते. यात खानावळवाल्याचा मुलगा आहे, वटवाघळे उडवणारा हौशी पंडित आहे, जहाजाचा कारखाना आहे, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत असे रोगीही आहेत. कोणाचेच काम त्या वेळी पुरे झाले नाही. पण कोणाचे वायाही गेले नाही. धाडस पहिल्यापासून होते. दृष्टी यायला मात्र वेळ लागला.

नळी काढल्याच्या दिवशी मी चुलत्यांना ही सारी कथा सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे पाणाड्या बरा मिळाला म्हणायचा!" मी म्हटले, "काका, पाणाड्या नव्हे. त्या बाईंनी पाहून खणलं." यावर ते हसले आणि कूस बदलून आडवे झाले. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.